कला व मनोरंजन व्यवस्थापनाच्या पदवीसाठी महाविद्यालय कसे निवडावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीनंतर किंवा पदवीनंतर नाटक, चित्रपट, संगीत महोत्सव, कलादालने आणि इव्हेंट या क्षेत्रांच्या व्यवस्थापनाकडे वळू इच्छिणारे विद्यार्थी व त्यांचे पालक जे प्रश्न सातत्याने विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. उत्तरे मुख्यतः महाराष्ट्रातील परिस्थिती डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत; गोवा व परदेश यांचा उल्लेख गरजेपुरता केला आहे.

या पदवीत नेमके काय शिकवले जाते आणि ती कोणासाठी आहे?

रंगमंचावर किंवा पडद्यावर जे दिसते, त्यामागे तारखा, पैसे, करार, परवाने आणि माणसे यांची मोठी जुळवाजुळव असते. ती करणाऱ्यांसाठी हे शिक्षण आहे. नाट्यनिर्मिती संस्थेचा व्यवस्थापक, चित्रपटाच्या चित्रीकरणाचा रोजचा खर्च व व्यवस्था पाहणारा लाइन प्रोड्यूसर, महोत्सवाचा कार्यक्रम-समन्वयक, गायकाच्या तारखा व मानधन सांभाळणारा आर्टिस्ट मॅनेजर, कलादालनातील प्रदर्शनाची आखणी करणारा सहायक अशी कामे पुढे मिळू शकतात. अभिनय, दिग्दर्शन किंवा गायन शिकवणारी ही पदवी नव्हे. मागच्या दाराने रंगमंचावर जाता येईल या आशेने जो प्रवेश घेतो, तो दुसऱ्या वर्षी हिशेबाच्या तासाला कंटाळतो आणि मग ना कलाकार होतो ना व्यवस्थापक.

पदवी नवी असली, तरी महाराष्ट्राला हा व्यवसाय नवा नाही. सांगलीत १८४३ साली पहिला नाट्यप्रयोग करणाऱ्या विष्णुदास भाव्यांनी पुढे मुंबईत तिकीट लावून प्रयोग केले, म्हणजे तिकीटविक्रीची चिंताही तेव्हापासूनची आहे. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे वैभव जितके प्रसिद्ध आहे, तितकेच तिचे कर्जही. कला उत्तम आणि जमाखर्च ढिसाळ असला की काय होते, याचा इतका बोलका दाखला दुसरीकडे शोधावा लागत नाही.

अशी पदवी कोणत्या नावाने मिळते? ‘कला व्यवस्थापन’ असे नाव कुठेच दिसत नाही.

ते फारसे दिसणार नाही. आपल्याकडे हा विषय निरनिराळ्या पदव्यांच्या पोटात असतो. बीबीए किंवा बीएमएसमध्ये इव्हेंट मॅनेजमेंट वा मीडिया मॅनेजमेंट हे विशेषीकरण असते, मुंबई विद्यापीठाच्या बीएएमएमसी या जनसंज्ञापनाच्या पदवीमध्ये (जुने बीएमएम) जाहिरात व माध्यमांच्या अंगाने तो येतो, बी.व्होक. या व्यवसाय शिक्षणाच्या पदवीमध्ये कौशल्याच्या अंगाने येतो, तर पदव्युत्तर पातळीवर एमबीएच्या माध्यम व मनोरंजन शाखेत तो मिळतो. त्यामुळे नावावरून निवड करू नये. माहितीपत्रकातील सहाही सत्रांचे विषय कागदावर उतरवून काढावेत आणि त्यांतील किती विषय खरोखर कला-मनोरंजन व्यवसायाशी संबंधित आहेत, हे मोजावे. ‘इव्हेंट मॅनेजमेंट’ या ठळक अक्षरांखाली तीन वर्षांत दोनच विषय इव्हेंटचे आणि बाकी सर्व सामान्य व्यवस्थापनाचे, असा प्रकार बराच आढळतो. सामान्य व्यवस्थापन शिकण्यात गैर काही नाही; मात्र त्यासाठी दुप्पट-तिप्पट शुल्क भरण्याचे कारण नाही.

संस्थेची पदवी अधिकृत आहे की नाही, हे कसे तपासावे?

या क्षेत्रात सर्वाधिक फसगत येथेच होते, म्हणून हे उत्तर लांबले आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातील कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार तिघांनाच आहे : संसदेच्या किंवा राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेली संस्था आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था. अंधेरीत किंवा डेक्कनवर चकचकीत कार्यालय थाटलेली ‘अकॅडमी’ यांपैकी काहीच नसेल, तर ती स्वतःच्या नावाने फक्त पदविका किंवा प्रमाणपत्र देऊ शकते. पदविका घेणे चुकीचे नाही. व्यवसायात उत्तम काम करणारे कितीतरी लोक तेवढ्याच कागदावर उभे आहेत. मात्र पुढे एमबीए, स्पर्धा परीक्षा किंवा परदेशी शिक्षण मनात असेल, तर पदवी लागतेच.

अशा संस्था अनेकदा सांगतात की, पदवी अमुक विद्यापीठाची मिळेल, आमचे टाय-अप आहे. येथे थांबून विचारावे की ते विद्यापीठ कोणत्या राज्यातील आणि कोणत्या प्रकारचे आहे. मुंबई किंवा पुणे विद्यापीठासारख्या सार्वजनिक विद्यापीठांना महाविद्यालये संलग्न करून घेता येतात. खाजगी विद्यापीठांना तो अधिकार नाही; आयोगाच्या २००३ च्या नियमावलीनुसार ती एकात्म स्वरूपाची असतात आणि त्यांना इतरांची महाविद्यालये संलग्न करता येत नाहीत. त्यामुळे दुसऱ्या राज्यातील खाजगी विद्यापीठाची पदवी मुंबईतील एखाद्या अकॅडमीत नियमित वर्गात बसून मिळेल, असे कोणी सांगत असेल, तर आयोगाची लेखी परवानगी पाहिल्याखेरीज एक रुपयाही भरू नये. विद्यापीठाच्या अस्तित्वावरच गदा येऊ शकते, हे २००५ साली दिसले आहे. छत्तीसगडच्या कायद्यातील ज्या तरतुदींखाली तेथे खाजगी विद्यापीठांचे पेव फुटले होते, त्या सर्वोच्च न्यायालयाने प्रा. यशपाल यांच्या याचिकेवर रद्द केल्या आणि तेथील विद्यार्थ्यांना इतर विद्यापीठांचा आसरा शोधावा लागला.

तपासणीची रीत सोपी आहे. आयोगाच्या संकेतस्थळावर विद्यापीठांची राज्यवार यादी व बनावट विद्यापीठांची यादी असते. संलग्न महाविद्यालय असेल, तर संलग्नता त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला आणि चालू वर्षासाठी आहे की नाही, हे विद्यापीठाच्या यादीत पाहावे. उच्च शिक्षण संस्थांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकची श्रेणी संपूर्ण महाविद्यालयाला मिळालेली असते, या एका अभ्यासक्रमाला नव्हे. जुन्या नामवंत महाविद्यालयाची श्रेणी विज्ञान शाखेच्या जोरावर मिळालेली असू शकते आणि दोन वर्षांपूर्वी सुरू झालेल्या स्वयंअर्थसाहाय्यित तुकडीला तिचा काडीचाही आधार नसतो.

बीएमएस, बीबीएला सीईटी द्यावी लागते का?

२०२४-२५ या वर्षापासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले आणि त्यांच्यासाठी राज्य सीईटी कक्षाने २०२४ मध्ये पहिल्यांदा प्रवेश परीक्षा घेतली. त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी परिषदेची मान्यता घेण्याऐवजी अभ्यासक्रमाचे नाव बदलले आणि जुना बीएमएस आता ‘बी.कॉम. (मॅनेजमेंट स्टडीज)’ अशा नावाने चालवला जातो. या नामांतरित अभ्यासक्रमाला सीईटी लागत नाही. दोन्हींत शिकवायचे विषय जवळपास सारखे असू शकतात, परंतु प्रवेशप्रक्रिया, शुल्क आणि शिष्यवृत्ती यांचे नियम वेगळे पडतात. बीएएमएमसी मुळातच कला शाखेची पदवी असल्याने तिला ही सीईटी नाही. कोणते महाविद्यालय कोणत्या नावाखाली प्रवेश देत आहे, हे परीक्षेचा अर्ज भरण्याची मुदत संपण्यापूर्वी विचारून घ्यावे. निकालानंतर विचारून उपयोग नसतो.

शहराला किती महत्त्व द्यावे?

इमारतीपेक्षा नक्कीच जास्त. हे काम संध्याकाळी सहानंतर आणि शनिवार-रविवारी शिकायचे असते आणि ते जेथे घडते तेथे विद्यार्थ्याला पोहोचता आले पाहिजे. महाविद्यालयापासून नाट्यगृह, स्टुडिओ किंवा कलादालन तासाभराच्या अंतरावर असणे, ही माझ्या मते निवडीची पहिली अट असावी.

मुंबईत दादरचे शिवाजी मंदिर, प्रभादेवीचे रवींद्र नाट्य मंदिर, विलेपार्ल्याचे दीनानाथ, ठाण्याचे गडकरी रंगायतन अशी व्यावसायिक नाटकांची साखळी आहे. १९७८ पासूनचे जुहूचे पृथ्वी थिएटर, नरिमन पॉइंटचे एनसीपीए हे कलाकेंद्र आणि २०२३ साली वांद्रे-कुर्ला संकुलात सुरू झालेले नीता मुकेश अंबानी सांस्कृतिक केंद्र या प्रत्येकाची चालवण्याची पद्धत निराळी आहे. एकाच विद्यार्थ्याने या तिन्ही ठिकाणी काम पाहिले, तर त्याला तीन प्रकारचे अर्थकारण कळते. गोरेगावच्या चित्रनगरीमुळे मालिका व चित्रपटांची निर्मिती जवळ आहे. मोठ्या मैफिलींचे केंद्रही आता मुंबई परिसर झाले आहे. २०२३ साली महालक्ष्मी रेसकोर्सवर लोलापलूझा हा संगीत महोत्सव आला आणि जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. अशा कार्यक्रमांत प्रवेशद्वारापासून पार्किंगपर्यंत शेकडो हात लागतात आणि पहिली संधी बहुधा तेथेच मिळते.

पुण्याचे बलस्थान वेगळे आहे. १९६८ साली उभे राहिलेले बालगंधर्व रंगमंदिर, १९५३ पासून चालत आलेला आणि आज सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव म्हणून ओळखला जाणारा संगीतोत्सव, पुरुषोत्तम व फिरोदिया करंडकांची महाविद्यालयीन परंपरा आणि एफटीआयआय ही चित्रपट व दूरचित्रवाणीचे शिक्षण देणारी संस्था यांमुळे पुण्यात प्रायोगिक व संस्थात्मक काम अधिक जवळून पाहता येते. मुंबईच्या तुलनेत राहण्याचा खर्चही आटोक्यात असतो. गोव्यात २००४ पासून इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव आणि २०१६ पासून सेरेंडिपिटी कला महोत्सव होतो; दोन्ही वर्षअखेरीस येतात. त्यामुळे गोव्यात शिकणाऱ्याला नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये भरपूर काम मिळते, परंतु उरलेल्या महिन्यांत काय, हा प्रश्न महाविद्यालयाला विचारायलाच हवा.

नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर किंवा नागपूर येथे राहूनच शिकायचे असेल, तर हिरमुसण्याचे कारण नाही. दौऱ्यावर आलेल्या नाटकाचे स्थानिक आयोजन, राज्य नाट्य स्पर्धेची केंद्रे, गणेशोत्सव व नवरात्रीचे कार्यक्रम यांत पूर्ण जबाबदारी अंगावर घेण्याची संधी लहान शहरात लवकर मिळते. मुंबईत तोच विद्यार्थी वर्षभर पाण्याच्या बाटल्या मोजत राहू शकतो.

चांगल्या अभ्यासक्रमात कोणते विषय असायलाच हवेत?

पहिला, पैशाचा. विपणनाचे तक्ते सगळेच शिकवतात. एका प्रयोगाचे अंदाजपत्रक मांडायला किती ठिकाणी शिकवतात, हे पाहावे. समजा, ८०० आसनांचे नाट्यगृह आहे, तिकिटाची सरासरी किंमत ३०० रुपये आहे आणि भाडे, कलाकार-तंत्रज्ञांची नाइट (एका प्रयोगाचे मानधन), जाहिरात, नेपथ्याचा टेम्पो, चहा-नाश्ता आणि तिकीटविक्रीचे कमिशन धरून एका प्रयोगाचा खर्च १,६०,००० रुपये येतो. म्हणजे ५३४ तिकिटे विकली गेली, तर खर्च निघाला. आता वाटलेले पास, मागच्या रांगांचा कमी दर आणि पावसाची संध्याकाळ हिशेबात धरा, की हाऊसफुल्लचा फलक लागूनही निर्मात्याच्या हाती फारसे काही का उरत नाही, हे कळते. आकडे काल्पनिक आहेत, रीत खरी आहे. जो शिक्षक हे गणित पहिल्याच महिन्यात फळ्यावर मांडतो, त्याच्या वर्गात बसावे.

दुसरा विषय कायद्याचा. सार्वजनिक ठिकाणी ध्वनिमुद्रित गाणे वाजवले, तर ध्वनिमुद्रणाचा हक्क आणि गीत-संगीताचा हक्क हे दोन वेगळे हक्क असतात आणि त्यांसाठी अनुक्रमे पीपीएल व आयपीआरएस या परवाने देणाऱ्या दोन वेगळ्या संस्थांचे नाव पुढे येते. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीमुळे गीतकार व संगीतकारांचा मानधनातील वाटा कसा बळकट झाला, हे विद्यार्थ्याला समजले पाहिजे. महाराष्ट्रात नाटकाचा सार्वजनिक प्रयोग करण्यापूर्वी संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार खुल्या जागेत रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद ठेवावा लागतो आणि राज्य सरकार वर्षातील जास्तीत जास्त पंधरा दिवस ही मर्यादा मध्यरात्रीपर्यंत शिथिल करू शकते. खुल्या मैदानावरील मैफल रात्री नऊला सुरू करण्याचे वेळापत्रक एखाद्या विद्यार्थ्याने आखले, तर त्याला हा नियम कोणी शिकवलेलाच नाही असे समजावे. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही आणि त्यापुढे १८ टक्के आहे, त्यामुळे पहिल्या रांगांचा दर ठरवताना निर्माता पाचशेच्या आसपास का घुटमळतो, हेही याच तासाला कळते.

तिसरा विषय तांत्रिक भाषेचा. प्रकाशयोजना स्वतः करता आली नाही तरी चालेल. मात्र कलाकाराच्या रायडरमध्ये, म्हणजे करारासोबतच्या मागण्यांच्या यादीत, काय मागितले आहे, ते त्या सभागृहात उपलब्ध आहे का आणि नसेल तर भाड्याने आणायला किती लागतील, हे वाचता आले पाहिजे. बाकी जनसंपर्क, समाजमाध्यमे आणि प्रायोजकत्व हे विषय सगळीकडे असतात आणि बहुतेक ठिकाणी बऱ्यापैकी शिकवले जातात.

महाविद्यालयाचा स्वतःचा महोत्सव मोठा असेल, तर ते चांगले लक्षण मानावे का?

मानावे, पण एक गोष्ट पाहून. मुंबईत आयआयटीचा मूड इंडिगो १९७० च्या दशकापासून आणि सेंट झेवियर्सचा मल्हार अनेक दशकांपासून विद्यार्थी चालवतात. तेथे तयार झालेली माणसे पुढे या व्यवसायात दिसतात आणि त्यांतील अनेकांनी व्यवस्थापनाची पदवी घेतलेलीच नसते. महत्त्वाचा प्रश्न हा की महोत्सवाचा पैसा कोणाच्या हातात असतो. काही संस्थांमध्ये महोत्सव बाहेरच्या एजन्सीला दिलेला असतो आणि विद्यार्थी गळ्यात ओळखपत्र अडकवून स्वयंसेवक म्हणून उभे असतात. प्रायोजकाला फोन कोणी केला, मंडपवाल्याशी दर कोणी ठरवला आणि तूट आली तेव्हा प्राचार्यांपुढे कोण उभे राहिले, याची उत्तरे विद्यार्थ्यांच्या तोंडून मिळाली, तर तो महोत्सव म्हणजे एक पूर्ण प्रात्यक्षिक आहे.

अध्यापकांकडून काय अपेक्षा ठेवावी?

पूर्णवेळ अध्यापक आणि व्यवसायातून येणारे पाहुणे या दोघांचीही गरज असते. माहितीपत्रकावर नामवंत अभिनेत्याचे छायाचित्र असते, प्रत्यक्षात ते वर्षातून एकदा दीपप्रज्वलनाला येतात. त्यापेक्षा निर्मितीचा खर्च सांभाळणारा एखादा प्रॉडक्शन कंट्रोलर किंवा नाटकाचा अनुभवी व्यवस्थापक पूर्ण सत्रभर दर आठवड्याला येत असेल, तर ते कितीतरी मोलाचे आहे. मागील सत्राचे वेळापत्रक मागावे आणि कोणत्या तासाला कोण आले होते, ते दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून पडताळून घ्यावे.

इंटर्नशिप आणि प्लेसमेंट यांबाबत महाविद्यालये जे सांगतात, त्यावर किती विश्वास ठेवावा?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदवी आराखड्यात ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक मिळतात, त्यामुळे इंटर्नशिप सगळीकडेच असते. ती कुठे, किती आठवड्यांची आणि सवेतन की विनावेतन, हे विचारावे. संस्थाचालकांच्याच इव्हेंट कंपनीत लग्नसराईच्या हंगामात फुकट राबवून घेण्याला इंटर्नशिप म्हणत असतील, तर ती स्वस्त मजुरी आहे. एका तुकडीतील किमान दहा विद्यार्थ्यांची इंटर्नशिप कोठे झाली, त्याची यादी संस्थेने देऊ नये असे कोणतेही कारण नाही.

‘शंभर टक्के प्लेसमेंट’ हे शब्द मात्र या क्षेत्रात जवळजवळ निरर्थक आहेत. येथील बरेचसे काम प्रकल्पापुरते असते. एक मालिका संपते, दुसरी सुरू होते, मधले दोन महिने रिकामे जातात. त्यामुळे तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करत आहेत, हा खरा प्रश्न आहे. लिंक्डइनवर महाविद्यालयाचे नाव टाकून तो स्वतः शोधता येतो. त्यांतील दोघा-तिघांना नम्रपणे संदेश पाठवला, तर कोणीतरी उत्तर देतेच. या व्यवसायातील लोक बोलके असतात.

सरकारी किंवा नामवंत कलासंस्थांमध्ये हे शिक्षण मिळते का?

थोडेफार मिळते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची थिएटर आर्ट्स अकॅडमी येथे मुख्यतः कला शिकवली जाते. तथापि कमी शुल्कात रंगभूमी आतून पाहायला मिळते आणि निर्मितीच्या कामाला तेथे कोणी नाही म्हणत नाही. चित्रपट-दूरचित्रवाणीच्या निर्मिती-व्यवस्थापनात रस असणाऱ्या पदवीधरांनी कोलकात्याच्या सत्यजित राय चित्रपट संस्थेतील प्रोड्यूसिंगचा विभाग अवश्य पाहावा. ही संस्था आणि पुण्याची एफटीआयआय या दोघींना २०२५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आहे. जागा मोजक्या आणि स्पर्धा तीव्र असल्याने पर्याय हाताशी ठेवूनच अर्ज करावा.

पदवीपलीकडचा एक मार्ग बऱ्याच जणांना माहीत नसतो. इंडिया थिएटर फोरम, इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स आणि जुनून यांनी मिळून नाट्यसंस्थांच्या व्यवस्थापनासाठी ‘स्मार्ट’ हा प्रशिक्षण उपक्रम उभा केला. एखाद्या नाट्यसंस्थेत आधीपासून काम करणाऱ्यांसाठी अशा प्रकारचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण पूर्ण पदवीपेक्षा अधिक उपयोगी ठरू शकते.

साधे बी.कॉम. करून सोबत नाटकाच्या ग्रुपमध्ये काम केले तर?

अनेकांसाठी हाच उत्तम मार्ग आहे, आणि पदवी विकणारे हे सांगणार नाहीत. हिशेब, करविषयक नियम आणि कंपनी कायदा बी.कॉम.मध्ये पक्का होतो, शुल्क कमी असते, संध्याकाळ मोकळी राहते. एकांकिका स्पर्धांची परंपरा असलेल्या महाविद्यालयात प्रवेश घेऊन तीन वर्षे बॅकस्टेज व निर्मिती सांभाळली आणि नंतर माध्यम-मनोरंजनातील एमबीए केले, तर त्या एमबीएचा अर्थही नीट कळतो. ज्याच्या घरी किंवा ओळखीत या व्यवसायातील कोणीच नाही आणि ज्याला स्वतःहून ग्रुप शोधणे जमणार नाही, त्याला मात्र विशेष पदवीचा फायदा होतो, कारण ओळखी आणि कामाची ठिकाणे महाविद्यालय मिळवून देते. शुल्काचा मोठा भाग खरे तर याच गोष्टीसाठी असतो.

शुल्क, शिष्यवृत्ती आणि परतावा यांबाबत काय लक्षात ठेवावे?

आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, इतर मागास प्रवर्ग आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्गातील ज्या मुलींच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, त्यांना महाराष्ट्र शासनाने २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत दिली आहे. त्यासाठी प्रवेश शासनाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. खाजगी व अभिमत विद्यापीठे या सवलतीच्या बाहेर आहेत. म्हणजेच त्याच शहरात, जवळपास त्याच विषयांसाठी एका मुलीला काही भरावे लागत नाही आणि दुसरीला लाखो रुपये भरावे लागतात. वर सांगितलेला नामांतराचा प्रश्न येथे पुन्हा उभा राहतो, म्हणून अभ्यासक्रम ‘व्यावसायिक’ म्हणून नोंदलेला आहे का, हे शासनाच्या शिष्यवृत्तींच्या महाडीबीटी संकेतस्थळावर महाविद्यालयाचे नाव निवडून पाहावे.

शुल्काच्या तक्त्यात ‘इंडस्ट्री व्हिजिट’, ‘किट’, ‘परदेश दौरा’ अशा नोंदी असल्यास त्या ऐच्छिक आहेत की सक्तीच्या, हे लेखी घ्यावे.

मुलींना रात्री उशिरापर्यंत काम करावे लागते. पालकांनी काय पाहावे?

काम रात्रीचे असते, हे लपवण्यात अर्थ नाही. नाटकाचा दुसरा प्रयोग संपून सामान टेम्पोत चढेपर्यंत बारा वाजून जातात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळास प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत अंतर्गत समिती असणे बंधनकारक आहे आणि या कायद्याचे संरक्षण प्रशिक्षणार्थींनाही मिळते. महाविद्यालयाची समिती असतेच. ज्या कंपनीत इंटर्नशिपला पाठवले जाते, तेथील समितीची माहिती महाविद्यालय आधी घेते का, हे विचारावे. रात्री दहानंतर काम संपल्यास घरी पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची, हे इंटर्नशिपच्या पत्रात लिहिलेले असावे. हा प्रश्न मुलांच्या पालकांनीही विचारायला हरकत नाही.

परदेशात जाऊन शिकण्यात फायदा आहे का?

कला व्यवस्थापन हा स्वतंत्र विषय म्हणून अमेरिका व ब्रिटनमध्ये अधिक रुजलेला आहे. कार्नेगी मेलन विद्यापीठात कला व्यवस्थापन आणि मनोरंजन उद्योग व्यवस्थापन अशा दोन स्वतंत्र पदव्युत्तर पदव्या आहेत, लंडनच्या गोल्डस्मिथ्समध्ये कला प्रशासन व सांस्कृतिक धोरण शिकवले जाते. परंतु तेथील अभ्यासक्रमाचा मोठा भाग देणग्या, अनुदाने आणि नफा न कमावणाऱ्या संस्थांचे कामकाज यांवर बेतलेला असतो. मराठी व्यावसायिक नाटक आजही मुख्यतः तिकीटविक्रीवर चालते, त्यामुळे ते ज्ञान येथे जसेच्या तसे लागू होत नाही. संग्रहालये, प्रतिष्ठाने व मोठी कलाकेंद्रे यांत काम करायचे असेल, तर मात्र ते नेमके उपयोगी पडते. चार-दोन वर्षे येथे काम करून, मग शिष्यवृत्ती मिळवून जाणे शहाणपणाचे.

महाविद्यालय पाहायला जाऊ तेव्हा काय करावे?

प्रवेश कक्षातील समुपदेशकाला भेटून परत येऊ नये. त्याचे काम जागा भरण्याचे असते आणि तो ते मन लावून करतो. शक्य असल्यास महोत्सवाच्या आधीच्या आठवड्यात जावे. विद्यार्थ्यांच्या समितीची खोली शोधावी. भिंतीवर कामाची वाटणी लावलेली असते, टेबलावर दरपत्रके पडलेली असतात, कोपऱ्यात कोणीतरी प्रायोजकाच्या बॅनरच्या मापावरून वाद घालत असते. मागील वर्षाच्या कार्यक्रमाची फाइल पाहायला मागावी. तीत अंदाजपत्रक, प्रत्यक्ष खर्च, परवान्यांच्या प्रती, व्हेंडरची तीन-तीन दरपत्रके आणि कार्यक्रमानंतरचा अहवाल असेल, तर तेथे काम शिकवले जाते. फाइलच नसेल आणि त्याऐवजी छायाचित्रांचा अल्बम पुढे केला गेला, तर दुसऱ्या महाविद्यालयाचा पत्ता काढावा.

प्रवेश घेतल्यावर दुसरीकडे चांगली जागा मिळाली, तर पैसे परत मिळतात का?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या पंधरा किंवा अधिक दिवस आधी प्रवेश रद्द केल्यास पूर्ण शुल्क, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, अंतिम तारखेनंतरच्या पंधरा दिवसांत ८० टक्के आणि तीस दिवसांपर्यंत ५० टक्के शुल्क परत मिळायला हवे. काही शैक्षणिक वर्षांसाठी आयोगाने यापेक्षा उदार मुदती स्वतंत्र परिपत्रकाने दिल्या आहेत, म्हणून चालू वर्षाचे परिपत्रक पाहावे. कोणतीही उच्च शिक्षण संस्था मूळ गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला स्वतःकडे अडकवून ठेवू शकत नाही. पडताळणी करून ती कागदपत्रे लगेच परत द्यावी लागतात. हे नियम विद्यापीठे व त्यांच्या महाविद्यालयांना लागू आहेत. केवळ पदविका देणाऱ्या खाजगी अकॅडमीच्या बाबतीत त्यांचा आधार घेता येत नाही, तेथे अर्जाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेल्या अटी हाच करार असतो. त्यामुळे अशा ठिकाणी पूर्ण वर्षाचे शुल्क एकरकमी न भरता हप्त्याने भरावे आणि प्रत्येक हप्त्याची पावती संस्थेच्या नोंदणीकृत नावाने घ्यावी.